शेवटच्या तीन पट्ट्या

चन्नवीर हवालदार गुप्त शाखेत होता, आणि ही गोष्ट सोलापुरात कुणापासून लपलेली नव्हती. साधे कपडे, कपाळावर विभूतीची तीन बोटं आणि बगलेत बारमाही छत्री. तो गल्लीत शिरला की चहावाला न विचारता कप विसळायला घ्यायचा आणि लोक आपण होऊन बोलायला लागायचे. कुणाच्या घरी परगावचा पाहुणा येऊन महिना झाला तरी हलत नाही, कुणाचा जावई कसल्याशा चोपड्या वाटत फिरतो, सगळं त्याच्या कानावर यायचं. बावीस वर्षांत त्यानं कुणाचा पाठलाग केला नव्हता की वेष पालटला नव्हता. साहेबलोक त्याला मनातून हसत, पण जिल्ह्यात काही शिजत असलं की पहिला वास चन्नवीरलाच येतो हेही त्यांना ठाऊक होतं.

त्याच्या ओळखींतली सर्वांत जुनी ओळख हुसेनसाबची. पोलिसात भरती होण्याआधी चन्नवीरनं चार वर्षं एका चादरीच्या कारखान्यात काढली होती, आणि तिथं हुसेनसाब पट्ट्या पाडायचा. चादरीवर मोर उमटवायचा तर आधी पुठ्ठ्याच्या लांबट पट्ट्यांना हिशेबानं भोकं पाडावी लागतात. एक पट्टी म्हणजे चादरीतली एक आडवी ओळ. अशा शेकडो पट्ट्या दोरीत ओवून मागाच्या डोक्यावर चढवल्या की कुठला धागा उचलायचा आणि कुठला सोडायचा हे मागाला कळतं. हुसेनसाब भोकं पाडायचा, चन्नवीर पट्ट्या ओवायचा. पुढं एक हवालदार झाला, दुसऱ्यानं आपल्या घराच्या ओसरीवर स्वतःचं यंत्र मांडलं. दोघांची दोस्ती मात्र तशीच राहिली. चन्नवीरच्या थोरल्या मुलीच्या लग्नात आहेर म्हणून आलेल्या चादरीवर हुसेनसाबनं नंदी उमटवला होता, आणि तो नंदी बघायला अक्कलकोटकडचे सगळे पाहुणे ओळीनं उभे राहिले होते.

ही गोष्ट चौऱ्याहत्तर सालातली. दिवाळीच्या आधी बार्शी रस्त्यावरच्या एका खाणीतून सुरुंगाच्या जिलेटिनच्या दोन पेट्या चोरीला गेल्या. खाणवाल्यानं आधी चार दिवस ते दडवून ठेवलं आणि मग बोंब ठोकली. चन्नवीरची झोप उडाली. दारू चोरणारा माणूस दारू पिऊन मोकळा होतो, पण जिलेटिन चोरणाऱ्याच्या मनात काहीतरी असतं. तो गल्लोगल्ली चहा पीत हिंडला, आणि एका सोमवारी दुपारी हुसेनसाबच्या ओसरीवर टेकला.

हुसेनसाबनं यंत्र थांबवलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि आवाज उतरवून म्हणाला, "अण्णा, आमच्या गल्लीच्या मागं एक टेंपो येतोय बग. दोनदा आला. सुताच्या पेट्या म्हनून उतरवल्या. पर सुताची पेटी दोगं जन अशी अंड्यासारखी धरून कशाला नेतील?"

"कुनाचा टेंपो?"

"त्येच बगतोय की. नंबर नीट दिसला न्हाय. जुम्म्याच्या दिशी परत यील वाटतंय. तू शुक्रवारी नमाजानंतर ये. तंवर गल्लीत पोलीस घालू नगंस, न्हायतर उडून जातील."

चन्नवीरला पटलं. तीन-चार दिवसांचा तर प्रश्न. तो शुक्रवारची वाट बघत राहिला.

बुधवारी सकाळी साहेबांनी त्याला बोलावलं. टेबलावर एक तांबडी फाईल होती आणि शेजारी मुंबईहून आलेले एक अधिकारी बसले होते. गोरेपान, हसतमुख, बोलायला गोड. तीन वर्षांपूर्वी आपल्या देशानं एका बड्या राष्ट्राशी वीस वर्षांच्या मैत्रीचा करार केला होता, हे चन्नवीरनं पेपरात वाचलं होतं. त्या मैत्रीत हेही आलं की बॉम्बवाल्यांच्या खबरा त्यांनी आपल्याला द्यायच्या, आपण त्यांना. त्या राष्ट्राचं नाव शाखेत घ्यायचं नाही अशी ताकीद होती, म्हणून सगळे त्याला ‘थोरले पाहुणे’ म्हणत. पाहुण्यांनी आता बारा नावांची यादी पाठवली होती. काबूलमध्ये बॉम्ब फोडणाऱ्या एका टोळीच्या बिऱ्हाडात पुठ्ठ्याच्या शेकडो पट्ट्यांचं पार्सल सापडलं होतं, पट्ट्यांवर भोकं होती, ती कसली तरी सांकेतिक लिपी असावी, आणि पार्सलावर पाठवणाऱ्याचा पत्ता सोलापूरचा होता.

यादीतलं सातवं नाव हुसेनसाबचं.

चन्नवीरला आधी हसू आलं, आणि ते त्यानं दाबलंही नाही. "साहेब, ह्या चादरीच्या पट्ट्या हायत. ह्याचा मेव्हणा लालसाब काबूलच्या बाजूला कापडगिरणीत फिटर हाय. तिकडं पट्ट्या पाडणारा कुणी न्हाय म्हणून हा हितनं पाठवतो. त्या टोळीच्या खोलीला खोली लागून असंल त्याची, पार्सल चुकून तिकडं गेलं असंल."

मुंबईचे साहेब त्याच्याहून गोड हसले. "असेलही. पण हे आपल्या मित्रांनी कळवलंय, हवालदार. तपासून बघितल्याशिवाय कसं चालेल?"

त्याच दुपारी हुसेनसाबला ‘मिसा’खाली उचललं. मिसा म्हणजे खटला नाही, वकील नाही, नुसता एक कागद. त्याची मुलगी मुमताज दारात उभी राहून चन्नवीरकडे बघत होती. बाईमाणसाच्या रडण्याची चन्नवीरला सवय होती. ती रडत नव्हती, आणि त्यानं तो जास्त हादरला.

"काका, अब्बांनी काय केलं?" तिनं विचारलं.

"काय न्हाय केलं गं. चार दिसांत घरी आनून सोडतो. माझा शब्द हाय."

शब्द दिला आणि तो कामाला लागला. मुंबईच्या साहेबांना त्यानं सांगितलं, लिपी आहे की नक्षी आहे ते मागच सांगेल. पार्सलातल्या माळेसारखीच दुसरी माळ हुसेनसाबच्या घरी खुंटीला टांगलेली आहे, ती मागावर चढवू, तुमच्या डोळ्यांदेखत चादर विणू. साहेबांना कल्पना आवडली. फोटोग्राफरसुद्धा बोलावला, पाहुण्यांना फोटो पाठवायला.

आता इथं चन्नवीरच्या पोटात एक गोष्ट होती, आणि ती त्यानं पोटातच ठेवली. पट्ट्या पाडणाऱ्यांची एक जुनी चाल आहे. नक्षी संपली, की माळेच्या शेवटी पाडणारा स्वतःच्या तीन पट्ट्या जोडतो. त्यांचा मोराशी की वेलीशी काही संबंध नसतो. त्या ओळी दोन चादरींच्या मधल्या कोऱ्या जागेत उमटतात, जिथं कात्री चालते, म्हणून गिऱ्हाइकाला त्या कधी दिसत नाहीत. ती पाडणाऱ्याची खूण. प्रत्येकाची वेगळी, बापाकडून मुलाला आलेली. कारखानदार एकाची नक्षी चोरून दुसऱ्याकडून उतरवून घेतात, तेव्हा उतरवणारा भोकाला भोक उतरवतो, खूणही उतरते आणि चोरी पकडता येते. ही चाल कारखानदाराला सांगायची नाही, नाहीतर तो पहिल्यांदा त्या तीन पट्ट्याच काढून फेकेल. ओवणाऱ्या प्रत्येक पोराकडून तशी शपथ घेत. चन्नवीरनंही विसाव्या वर्षी सिद्धरामेश्वराची शपथ घेतली होती. कारखान्यात जमलेल्या मालक-मुनिमांसमोर ती कशाला मोडा? मोर झाला की माग थांबवायचा, पुढच्या तीन पट्ट्या कुणाला दिसणारच नाहीत, असं त्यानं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात माग सुरू झाला. खटाखट आवाजात वीतभर कापड सरकलं, मोराचे पाय दिसले, मग पोट, मग मान. मुंबईचे साहेब लहान पोरासारखे वाकून बघत होते. पिसारा पुरा झाला तेव्हा त्यांनी चक्क टाळ्या वाजवल्या. चन्नवीरच्या जिवात जीव आला. त्यानं विणकराला हात केला, बास.

"का? चालू दे की," साहेब म्हणाले. "अजून पट्ट्या दिसतायत वर."

"आता काय न्हाय साहेब, कोरी जागा हाय. कापायची."

"असू दे. सगळं होऊ दे."

विणकरानं चन्नवीरकडे बघितलं, मग साहेबांकडे. माग चालला. कोऱ्या पांढऱ्या कापडावर एकाखाली एक तीन तुटक तांबड्या रेघा उमटल्या. आखूड, लांब, आखूड, आखूड. तारेच्या खात्यातला कुणीही माणूस ती बघून दचकला असता.

साहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. "हे काय आहे?"

मग चन्नवीरनं शपथ मोडली. मालकांच्या, मुनिमांच्या, साऱ्यांच्या समोर त्यानं खुणेची चाल पहिल्यापासून सांगितली. मालक कान टवकारून ऐकत होता. विणकरानं मान खाली घातली. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"व्हय साहेब."

"मग काल सांगितलं का नाही? आणि आत्ता माग थांबवत का होता?"

फोटोग्राफरनं रेघांचे फोटो काढले. मोराचा एकच काढला होता, रेघांचे नऊ काढले.

त्यानं तीन पानांचा अहवाल लिहिला. गावातल्या बाकीच्या पाडणाऱ्यांच्या खुणा गोळा करून जोडायच्या म्हणून तो दारोदार हिंडला, पण एकानंही आपली खूण दिली नाही. ज्यानं मालकासमोर तोंड उघडलं त्याला कोण देणार? अहवाल वर गेला आणि परत आला. पुन्हा गेला, पुन्हा आला. अखेर त्याच्या साहेबांनी त्याला दार लावून समोर बसवलं. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी स्वतःच्या हातानं त्याच्यापुढं चहा सरकवला.

"चन्नवीर, तुझं खरं आहे हे मला कळतं. मुंबईच्या साहेबांनाही कळत असेल. पण वरचं गणित वेगळं असतं. गेल्या साली पाहुण्यांनी सरहद्दीवरची एक खबर दिली, ती खरी निघाली, आपली माणसं वाचली. आता त्यांनी बारा नावं दिली. अकरा पत्ते खोटे निघाले. उरलेला हुसेनसाबही खोटा म्हणून कळवलं, तर पुढची खबर ते देतील का? त्यांना वाटेल, ह्यांना शोधताच येत नाही."

"म्हणून हुसेनसाब आत ऱ्हायाचा?"

"सहा महिने. फार तर वर्ष. देशासाठी माणसं जीव देतात रे."

"जीव दिला तर त्यो आपला आपण दिल्याला असतो, साहेब. हा तर आपण दुसऱ्याचा काढून देतोय."

साहेबांनी खिडकीबाहेर बघितलं. खाली ‘सात रस्ता’ चौकात टांगे, सायकली आणि एसटीच्या गाड्या एकमेकांत अडकल्या होत्या. ते म्हणाले, "जिलेटिनची फाईल तूर्त बाजूला ठेव. सगळी माणसं ह्या यादीवर लावायची असा वरून हुकूम आहे. हुसेनसाबला कोण भेटायचं, कोण पत्र लिहायचं, सगळं काढा."

चन्नवीर चडफडत बाहेर पडला. शुक्रवार केव्हाच उलटून गेला होता. त्यानं हुकूम गुंडाळून ठेवला आणि तुरुंगात जाऊन हुसेनसाबला गाठलं. मधे गज होते. पंधरवड्यात हुसेनसाबची दाढी पांढरी पडली होती, आणि रिकाम्या हातांची बोटं भोकं पाडल्यासारखी गजावर चालत होती.

"हुसेनभाई, माझं चुकलं. आधीच सांगाया पायजे हुतं."

"तू शपथ पाळलीस. मी तुझ्या जाग्यावर असतो तर मीबी तेच केलो असतो," हुसेनसाब म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर चन्नवीरला बरं वाटलं असतं.

"त्यो टेंपो. नंबर ठावं हाय का?"

हुसेनसाब हळू म्हणाला, "अण्णा, आज मी म्हनलो की मला ठावं हाय, तर तुझा सायेब पयलं काय इचारंल? जिलेटिन कुठं हाय ते इचारंल, का हुसेनसाबला कसं ठावं ते इचारंल?"

चन्नवीरनं छत्री एका बगलेतून दुसऱ्या बगलेत घेतली.

"आज मी नुसता पट्टीवाला हाय. नंबर सांगितलो की बारूदवाला होतो. मंग माजी मुमताज कुठं जाईल? कुनाशी लगीन होईल तिचं?"

"मी हाय की. मी सांगन त्यांना."

"तू सांगितलास की मोराच्या टायमाला," हुसेनसाब म्हणाला, आणि दोघांनाही खाली बघावं लागलं.

त्यानंतर चन्नवीर गल्लीत गेला. चहावाल्यानं कप विसळला, चहा दिला, पैसे घेतले नाहीत, पण तोंडही उघडलं नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदा लोक त्याच्याशी पाऊसपाण्याचंच बोलले. ओसरीवर मुमताज बापाच्या यंत्रावर बसली होती. तिला काम येत होतं, बापानंच शिकवलेलं. तिनं हात थांबवला नाही.

"मुमताज, मागं टेंपो येत हुता त्यो..."

"मला काय ठाव न्हाय, काका."

तिच्या शेजारी पाडून झालेली माळ टांगलेली होती. चन्नवीरची नजर सवयीनं शेवटाकडे गेली. वेलीची नक्षी संपली होती आणि तिथंच माळ संपली होती. शेवटच्या तीन पट्ट्या नव्हत्या. तो आल्या पावली माघारी निघाला.

पुढच्या मंगळवारी सकाळी आठच्या सुमाराला शहराबाहेरच्या रेल्वेच्या मोरीखाली स्फोट झाला. गाडी यायला अजून वेळ होता, म्हणून शेकडो माणसं वाचली. मायाप्पा नावाचा गँगमन रुळांचे खिळे ठोकत चालला होता, तो मात्र गेला. त्याच्या हातोड्याचा दांडा शेजारच्या ज्वारीच्या रानात सापडला. चन्नवीरनं तो उचलून आणला. मायाप्पाची बायको बसव्वा चन्नवीरच्याच गावाकडची निघाली. ती कानडीत एवढंच विचारत राहिली की डबा खाल्ला होता का त्यानं. खाल्ला होता, असं चन्नवीरनं सांगितलं. त्याला काहीही माहीत नव्हतं.

आठ दिवसांत टोळी सापडली. सरकार उलथवायला निघालेली पाच शिकलेली पोरं, पाचही ह्याच जिल्ह्यातली. त्यांचं काबूलशी काही नव्हतं, पाहुण्यांच्या यादीत त्यांच्यातलं एकही नाव नव्हतं. जबानीत कळलं की जिलेटिनच्या पेट्या तीन आठवड्यांहून जास्त दिवस हुसेनसाबच्या गल्लीमागच्या गोदामात होत्या. त्या मंगळवारी पहाटेच तिथून हलल्या.

चन्नवीर त्या गल्लीत शेवटचा गेला तो, गल्लीला हे माहीत होतं का ते विचारायला. मुमताजनं या वेळी यंत्र थांबवलं.

"गल्लीत समद्यांना ठाव हुतं, काका," ती म्हणाली. "बायकांना ठाव हुतं. चहावाल्याला ठाव हुतं. त्यो माणूस मेला तवा आमी दोन दीस चूल पेटवली न्हाय. पर सांगायचं कुनाला? अब्बा तुमाला सांगत हुते."

हे ती भांडणासाठी म्हणाली नव्हती. चन्नवीरनं छत्री उचलली आणि ऊन असूनही उघडली, डोळ्यांतलं लोकांना दिसू नये म्हणून.

शाखेत साहेब त्याची वाटच बघत होते. मुंबईहून तार आली होती. थोरल्या पाहुण्यांनी स्फोटाबद्दल दुःख कळवलं होतं, आणि असल्या प्रसंगी दोन्ही देशांनी अधिक जवळ यायला हवं म्हणून आणखी वीस नावं पाठवत असल्याचं सांगितलं होतं. साहेबांनी ती तार बाजूला सारली आणि स्फोटाच्या अहवालाचा छापील कागद पुढं केला. एका रकान्यासमोर पेन्सिलीची खूण होती. घटनेची आगाऊ माहिती न मिळण्याचं कारण.

"स्थानिक लोकांचं सहकार्य मिळालं नाही, असं लिही," साहेब म्हणाले.

चन्नवीरनं टाकाची शाई झटकली आणि सावकाश, पट्ट्या ओवायच्या दिवसांतल्या नीटस हातानं लिहिलं: माहिती देणारा इसम त्या तारखांस आपल्याच ताब्यात होता. खाली पूर्ण नाव लिहिलं, हुद्दा लिहिला, सही केली.

साहेबांनी वाचलं. त्यांचा चेहरा पडला. "चन्नवीर, हे वर गेलं तर तुझी नोकरी जाईल. आणि त्याचा काही उपयोगही नाही, हुसेनसाब सुटणार नाही ह्यानं. खोड ते. निदान चार दिवस थांब, विचार कर, मग देऊ."

"न्हाय साहेब," चन्नवीर म्हणाला. "मागं एकदा सांगायला एका दिसाचा उशीर केला हुता."

त्यानं कागद वळवून साहेबांच्या समोर ठेवला, त्यावर पेपरवेट ठेवला आणि शाई वाळावी म्हणून पंखा लावून बाहेर पडला. हुसेनसाब अजून आत होता.